गैरसमज मिटला, मग पुढे? (प्रेमकथांच्या शेवटाबद्दल)

अर्धविराम
प्रेमकथेची सुरुवात कशी करावी यावर ढीगभर लिहिलं जातं. शेवटाबद्दल मात्र "गोड करा नाहीतर रडवा" यापलीकडे कोणी फारसं बोलत नाही. म्हणून हा धागा.

हवेत बोलण्यापेक्षा एक नमुना घेऊ. ती अनुवादक, नाव नीलिमा. तो प्रकाशनगृहात संपादक. ८० हजार शब्दांची कादंबरी. साधारण ६० हजारांवर तिचा अनुवाद छापून येतो आणि मुखपृष्ठावर, आतल्या पानावर, कुठेच तिचं नाव नसतं. तिला वाटतं, त्यानेच काढलं. दुरावा. ७४ हजारांवर छापखान्यातल्या एका माणसाकडून तिला कळतं की नाव मालकाने काढायला लावलं होतं. ती धावत जाते, पाऊस, मिठी, समाप्त.

सगळं जागच्या जागी आहे. अडथळा होता, तो गेला. तरी पुस्तक मिटताना "बरं, मग?" एवढंच वाटतं. असं का होतं, आणि दुरुस्ती नेमकी कुठे करायची?

तिरकस
पाऊस काढा. निम्मा प्रश्न सुटेल. उरलेल्या निम्म्यासाठी मिठी काढा. (हलके घ्या)

प्रूफवाली
पावसाचा दोष नाही. दोष ६० हजाराव्या शब्दात आहे, शेवटात नाही.

या नमुन्यातला अडथळा म्हणजे न कळलेली एक गोष्ट. ती कळली की अडथळा संपला. म्हणजे कथा अडली होती ती माहितीपायी, त्या दोघांपायी नाही. छापखान्यातला माणूस आधी भेटला असता तर कादंबरी ६१ हजारांवरच संपली असती. मधले १३ हजार शब्द त्याची वाट बघण्यात गेले, आणि वाचकाला ते बरोबर कळतं.

तपासायची रीत सोपी आहे. दुराव्याच्या जागी दोघांना एका खोलीत बसवा आणि दहा मिनिटं खरं बोलू द्या. मिटलं तर अडथळा कच्चा. बोलून आणखी बिघडलं तर पक्का. इथे पक्का करायला फार लागत नाही. मालकाने नाव काढायला सांगितलं तेव्हा तो समोर बसला होता आणि गप्प राहिला, एवढं एक वाक्य घाला. आता छापखान्यातला माणूस खरं सांगेल तेव्हा काहीच मिटणार नाही. उलट "त्याने काढलं नाही, त्याने काढू दिलं" हे तिला कळेल, आणि ते जास्त लागेल.

उंबरठा
प्रूफवालींना +१. पण एक वाक्य पुरणार नाही. गप्प राहणं ही सवय आहे, म्हणून ती आधी दोनदा तरी दिसायला हवी. आणि त्यातली पहिली वेळ वाचकाला आवडायला हवी. ती रागाने बोलत सुटते, तो मधे न तोंड घालता ऐकून घेतो. तिला वाटतं, किती शांत माणूस! हे १० हजारांच्या आत. दुसरी वेळ ३५-४० हजारांच्या सुमारास: बैठकीत एका सहकाऱ्याचं श्रेय दुसराच लाटतो आणि हा खिडकीबाहेर बघत राहतो. ती हे बघते, पण सोडून देते. ज्या गुणावर ती भाळली त्याच गुणाने घात केला, असं झालं की दुरावा वरून चिकटवलेला वाटत नाही.

खारूताई
धावत जाण्याबद्दल एक बारीक शंका. हल्ली सगळ्यांच्या खिशात फोन असताना ही माणसं धावतात का? आणि दर वेळी बॅटरी का संपलेली असते?

तिरकस
कारण बॅटरी भरलेली असली तर लेखक संपतो.

प्रूफवाली
@खारूताई, फोन बंद पाडण्यापेक्षा फोन लागू द्यावा. तो फोन करतो, ती उचलते, आणि तो नेमकं चुकीचं बोलतो: "पुढच्या आवृत्तीत घालू की." त्याच्या लेखी ही भरपाई. तिच्या लेखी, काय गेलं हे याला कळलेलंच नाही याचा पुरावा. न लागलेल्या फोनने दुरावा लांबतो, लागलेल्या फोनने तो वाढतो.

कोरा_कागद
या विषयावरचा सर्वांत उपयोगी पुरावा जेन ऑस्टिनच्या 'पर्स्वेजन'मध्ये आहे. तिने या कादंबरीचा शेवट १८१६ च्या उन्हाळ्यात एकदा पूर्ण लिहिला, तो तिला पटला नाही, आणि काही आठवड्यांत तिने तो नव्याने लिहिला. रद्द केलेल्या प्रकरणांचं हस्तलिखित टिकून आहे, त्यामुळे दोन्ही शेवट शेजारी ठेवून वाचता येतात.

कथा अशी: आठ वर्षांपूर्वी अ‍ॅनने दुसऱ्यांच्या सल्ल्याने वेंटवर्थला नकार दिलेला. आता तो परत आला आहे आणि तिचं लग्न तिच्या चुलतभावाशी ठरल्याची कुजबुज आहे. पहिल्या खर्ड्यात तिच्या घराण्याच्या वाड्यात भाड्याने राहणारा अ‍ॅडमिरल वेंटवर्थलाच तिच्याकडे पाठवतो: ही लग्नाची बातमी खरी का, तसं असेल तर आम्ही तुमच्या घराण्याचा वाडा रिकामा करतो. अ‍ॅन म्हणते, बातमी खोटी. झालं, दोघं एक. म्हणजे धागाकर्त्यांच्या नमुन्यासारखंच. तिसऱ्याने आणलेला निरोप, मिळालेली माहिती, मिठी.

नव्या शेवटात वेंटवर्थ त्याच खोलीत पत्र लिहीत बसला आहे. अ‍ॅन पलीकडे कॅप्टन हार्विलशी बोलते आहे, जास्त काळ निष्ठा कोण जपतं, पुरुष की बाई, यावर. आशा उरलेली नसतानाही प्रेम करत राहणं बाईला जमतं असं ती म्हणते. तो ऐकतो, आणि तिथल्या तिथे तिला पत्र लिहून टेबलावर ठेवून जातो.

बदललं काय? तिचं मन मोकळं आहे हे त्याला दोन्हीकडे कळतं. पण पहिल्यात ते अ‍ॅडमिरलच्या गैरसमजामुळे, दुसऱ्यात तिच्या स्वतःच्या बोलण्यामुळे. एकेकाळी दुसऱ्यांचं ऐकून गप्प झालेली बाई इथे भरल्या खोलीत आपलं मत मांडते. आणि आठ वर्षं अढी धरून बसलेला माणूस पहिल्यांदा स्वतःहून, उत्तराची खात्री नसताना, लिहून देतो. दोघांचाही मूळ दोष त्याच प्रसंगात मोडतो.

शेवटचा_बाक
वा. वाचनखूण साठवली.

त्याच बाईंच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा हिशोबही बघण्यासारखा आहे. एकूण ६१ प्रकरणं. डार्सीची एलिझाबेथला पहिली मागणी ३४ व्यात, म्हणजे निम्मं पुस्तक ओलांडल्यावर लगेच. दुसरी ५८ व्यात. खुलाशाचं पत्र तर ३५ व्याच प्रकरणात येतं! माहितीचा गैरसमज (विकम या दुसऱ्या तरुणाबद्दलचा) तिथेच मिटला. तरी पुढे २३ प्रकरणं लागतात, कारण उरलेलं काम माहितीचं नाहीच. त्याचा गर्व उतरलाय हे तिला दिसायला हवं, आणि तिचं मन पालटलंय हे त्याला कळायला हवं.

ते त्याला कळतं कसं, हे तर फारच सुंदर. त्याची मावशी एलिझाबेथला दमात घ्यायला येते: माझ्या भाच्याशी लग्न करणार नाही असं वचन दे. ती देत नाही. मावशी चिडून हे सगळं भाच्याला जाऊन सांगते, आणि तिथेच त्याला आशा वाटते. अडथळा घालणाऱ्यानेच निरोप पोचवला. आपल्या नमुन्यातला मालक असाच कामाला लावता येईल.

खारूताई
म्हणजे योगायोगाने काहीच सोडवायचं नाही का? जुन्या वाङ्मयात तर योगायोगाशिवाय पान हलत नाही.

निर्वहण
सदस्यनाम पाहून ओळखलं असेलच, मी कुठून सुरू करणार ते.

संस्कृत नाट्यशास्त्रात कथानकाचे पाच संधी म्हणजे टप्पे आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, आणि शेवटचा निर्वहण, म्हणजे समारोप. आपण ज्याला दुरावा म्हणतोय तो विमर्श. दहाव्या शतकातल्या 'दशरूपका'त धनंजयाने विमर्शाची कारणं मोजून तीन दिली आहेत: क्रोध, व्यसन म्हणजे संकट, आणि विलोभन म्हणजे मोह. गैरसमज या यादीत नाही! तो क्रोधाचं निमित्त होऊ शकतो, स्वतः कारण नाही.

आता योगायोग. शाकुंतलात अंगठी माशाच्या पोटात सापडते, यापेक्षा मोठा योगायोग कुठला? पण त्यानंतर लगेच काय होतं ते बघा. पाचव्या अंकात दुष्यंत तिला नाकारतो. अंगठी सापडते सहाव्याच्या सुरुवातीला. आणि मीलन होतं सातव्यात. मधला अख्खा अंक दुष्यंत जळतो. वसंतोत्सव बंद करवतो, तिचं चित्र काढतो, चित्रातल्या भुंग्यावर चिडतो. अंगठीने त्याला ती मिळत नाही, फक्त आठवण मिळते, म्हणजे शिक्षाच. सातव्या अंकात तो तिच्या पाया पडतो तेव्हा ते पटतं, कारण सहावा अंक आपण पाहिलेला असतो.

म्हणून माझं सूत्र एवढंच: योगायोगाने दार उघडावं, आत चालत पात्रानेच जावं.

तिरकस
पण शापाचं काय? दुर्वासांचा शाप म्हणजे नाटककाराने नायकाला दिलेलं वैद्यकीय प्रमाणपत्र. "सदर इसम विसरला तो आजारपणामुळे."

उंबरठा
हसू आलं, पण मुद्दा खरा आहे. महाभारतातल्या मूळ आख्यानात शापही नाही, अंगठीही नाही. तिथे दुष्यंताला सगळं आठवत असतं. लोक काय म्हणतील म्हणून तो नाकारतो, आणि आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो. कालिदासाने शाप घालून दोष काढून घेतला.

निर्वहण
दोष काढला हे मान्य. पण फुकट नाही काढला. महाभारतातला दुष्यंत आकाशवाणीनंतर क्षणात सुटतो. कालिदासाने त्याला निर्दोष केलं आणि वर अंकभर रडवलं. शापाची गोष्ट शकुंतलेलाही सातव्या अंकाच्या शेवटी कळते, मीलन झाल्यावर. म्हणजे तिने स्वीकारलं ते खुलासा ऐकून नव्हे. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी स्वीकार, मग खुलासा. धागाकर्त्यांच्या नमुन्यात नेमका उलटा आहे.

संपादक_मांजर
क्रमाचा विषय निघालाच आहे तर माफीच्या प्रसंगाचं सुतारकाम सांगते. नव्या हस्तलिखितांमध्ये सर्वांत जास्त पडझड इथेच होते.

पहिली चूक, बदल आणि माफी एकाच प्रसंगात कोंबणं. तो येतो, "मी बदललोय" म्हणतो, ती मानते. वाचक का मानेल? बदलाची कृती आधी हवी, माफी नंतर, आणि दोन्हींच्या मधे किमान एक प्रकरण. कृती करताना ती बघत नसावी. ती बघत असली की तो दिखावा होतो, आणि सगळ्यांसमोर गुडघे टेकणारे नायक इथेच फसतात. गर्दीसमोरच्या प्रश्नाला तिला "नाही" म्हणायची सोय कुठे असते?

दुसरी, माफीत "पण" येणं. "माझं चुकलं, पण मालकापुढे माझं काय चालणार?" हा बचाव झाला. काय केलं ते नाव घेऊन सांगायचं, तिचं त्यात काय गेलं ते तिच्या बाजूने सांगायचं, आणि थांबायचं. त्याला तीनचार वाक्यं पुरतात. माफीचं भाषण पानाच्या वर गेलं की पात्र गप्प झालेलं असतं आणि लेखक बोलत असतो.

तिसरी, दोघांनी समसमान बोलणं. एक परिच्छेद त्याचा, एक तिचा, वादविवाद स्पर्धेसारखं. एकाला बोलू द्या, दुसऱ्याच्या हाताला काहीतरी काम द्या आणि उत्तर भलत्याच गोष्टीबद्दल येऊ द्या. वाचक बरोबर जोडून घेतो.

लांबीचं म्हणाल तर ८० हजारांत हा प्रसंग दीड-दोन हजार शब्दांचा पुरे. आणि नंतर लगेच पडदा नको. प्रसंगानंतर हजारभर शब्द दोघांना साधं एकत्र असू द्या, काहीही न घडता. वाचकाला श्वास सोडायला तेवढी जागा लागते.

खारूताई
आणि उपसंहारात "पाच वर्षांनंतर" जुळी मुलं?

संपादक_मांजर
मुलं नकोत असं नाही. उपसंहाराने एखादा उरलेला प्रश्न सोडवायला हवा. सगळे प्रश्न आधीच सुटले असतील तर तो फोटो अल्बम होतो.

मधलं_पान
थोडं विरोधी मत नोंदवतो. इथे सगळे धरून चालले आहेत की जोडी जमलीच पाहिजे. निव्वळ प्रेमकथा म्हणून विकलं जाणारं पुस्तक असेल तर ठीक, तिथे आशादायक शेवट हा वाचकाशी केलेला करारच असतो. पण प्रेमाचा धागा असलेली प्रत्येक कादंबरी त्या करारात येत नाही.

डिकन्सने 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'च्या मूळ शेवटात पिप आणि एस्टेला यांची रस्त्यात ओझरती भेट घडवून दोघांना वेगळं ठेवलं होतं. तिने दुसरं लग्न केलेलं असतं. लेखकमित्र बुल्वर-लिटन याच्या सांगण्यावरून त्याने १८६१ मध्ये छापण्यापूर्वी शेवट बदलला. आता दोघं उजाड वाड्याच्या आवारात भेटतात आणि हात धरून बाहेर पडतात. त्यावर अजून वाद आहे, आणि मला मूळचाच पटतो. आयुष्यभर चुकीच्या आशेवर जगलेल्या माणसाची गोष्ट आशा पुरी करून संपवली तर आधीच्या पानांचं काय करायचं?

शॉचं 'पिग्मॅलियन' दुसरं टोक. एलायझा प्रोफेसरला सोडून जाते, तरी प्रेक्षक त्यांचं लग्न लावूनच घरी जायचे. शेवटी त्याने १९१६ च्या छापील आवृत्तीत लांबलचक टिपण जोडलं: ती फ्रेडीशी लग्न करते, समजलं?

तिरकस
नाटक संपल्यावर लेखकाला पानंच्या पानं भांडावं लागत असेल, तर नाटकात काहीतरी राहिलंय.

मधलं_पान
किंवा नटांनी घातलंय. शेवटच्या प्रसंगात दोघांनी एकमेकांकडे एकदा रेंगाळून बघितलं की संहिता गेली उडत.

शेवटचा_बाक
दोघांचंही बरोबर. वियोगाच्या शेवटालाही तेच नियम लागतात, हे मात्र विसरलं जातं. जोडी योगायोगाने जमणं जितकं कच्चं, तितकंच योगायोगाने तुटणंही. शेवटच्या दहा पानांत अपघात झाला म्हणून गोष्ट गंभीर होत नाही. आणि खुला शेवट म्हणजे लेखकाला ठरवता आलं नाही असं नव्हे. दोन्ही शक्यतांचे पुरावे आत पेरलेले हवेत, आणि निदान पात्राचा निर्णय तरी बंद हवा. ती दार ठोठावते, दार उघडायच्या आत पुस्तक संपतं: चालेल. ठोठावू की नको इथे संपतं: नाही चालणार.

अवांतर: प्रेमत्रिकोणातल्या तिसऱ्या माणसावर कोणीच काही बोललं नाही.

उंबरठा
तिसऱ्या माणसाच्या विल्हेवाटीचे ठरलेले मार्ग: मारणे, परदेशी पाठवणे, अचानक खलनायक करणे, नायिकेच्या मैत्रिणीशी जुळवणे. चारही पळवाटा, कारण चारांतही नायिकेला निवड करावी लागत नाही. तिसरा चांगला असायला हवा, शक्यतो काही बाबतीत नायकापेक्षा सरस. आणि तिने नकार दिल्यावर त्याला एक प्रसंग द्यावा, जिथे तो तिच्या सोयीचं वागत नाही. "तू सुखी राहा" म्हणणारा तिसरा माणूस फर्निचर असतो.

प्रूफवाली
कधी वाचकांनी ठरवलेला नायकच लेखिकेच्या लेखी तिसरा असतो. 'लिट्ल विमेन'चा पहिला भाग १८६८ मध्ये आला तेव्हा नायिका जो आणि तिचा मित्र लॉरी यांचं लग्न लावा म्हणून वाचक मुलींची पत्रं आली. ऑल्कॉटने हट्टाने लावलं नाही, १८६९ च्या दुसऱ्या भागात प्रोफेसर भाएर आणला. माझ्या मते गडबड नकारात नाही, भाएर उशिरा येण्यात आहे. लॉरीवर वाचकाने पहिला अख्खा भाग खर्च केलेला, भाएरला त्याच्या मानाने फार थोडी पानं. ज्याच्याशी शेवट करायचा तो पहिल्या चतुर्थांशात निदान दारातून डोकावून जायला हवा.

खारूताई
आणि मालिका? तिथे शेवटच नसतो. जोडी जमली की मालिका मेली म्हणून जमूच देत नाहीत.

संपादक_मांजर
मालिका जमल्यामुळे मरत नाही. सगळा ताण "जमेल का" या एकाच प्रश्नावर टांगलेला असतो म्हणून मरते. जमण्याआधी दुसरा प्रश्न सुरू करून ठेवायचा: एकत्र काम करणार की नाही, कोणाचं स्वप्न आधी. तो पेटलेला असताना जोडी जमवली तर ताण हलतो, संपत नाही. उलट केलं की मग स्मृतिभ्रंश आणि हुबेहूब दिसणारी दुसरी बाई यांच्याशिवाय मार्ग उरत नाही.

तिरकस
स्मृतिभ्रंशाला नावं ठेवू नका, कालिदास ऐकतायत.

अर्धविराम
धन्यवाद मंडळी. मूळ नमुन्यावर परत येतो. तुमचं सगळं घालून मांडणी अशी होते:

१० हजारांच्या आत त्याचं शांत ऐकणं. ३८ हजारांवर बैठकीतलं गप्प राहणं. ६० वर नाव नसलेलं पुस्तक; ६१ वर फोन लागतो, "पुढच्या आवृत्तीत घालू". ६६ वर छापखान्यातला माणूस तिला खरं सांगतो आणि दुरावा पक्का होतो. ७० वर तो तिला न सांगता शुद्धिपत्र छापून घेतो: अनुवाद नीलिमाचा, नाव गाळलं ते संपादकाने, खाली त्याची सही. दुकानांत गेलेल्या प्रतींमध्ये तो स्वतः चिकटवत फिरतो. नोकरी जाते. ७३ वर मालक तिला फोन करून धमकावतो की हे शुद्धिपत्र तुम्हीच काढायला लावलंत, आणि त्यातून तिला पहिल्यांदा कळतं. (शेवटचा_बाक यांची मावशी!) ती एका दुकानात जाऊन प्रत उघडून बघते. ७५ वर भेट.

अडतो तो इथे. भेटीत आधी कोण बोलेल? माफी त्याने शुद्धिपत्रात मागून झाली. तिने "माफ केलं" म्हणणं कसंसंच वाटतं.

निर्वहण
निर्वहणात अद्भुत रस हवा असं भरतमुनी सांगतात. थोडं चकित करणारं काहीतरी येऊ द्या, पण आधीच्या पानांतलंच.

प्रूफवाली
"काढू दिलं" ते "स्वतः चिकटवतो" हा बदल आवडला. एक तांत्रिक गोष्ट: शुद्धिपत्र आतल्या पानाला फक्त कडेने चिकटवतात, पूर्ण नाही, नाहीतर कागद सुरकुततो. त्याला हे माहीत असणार. आणि घाईत, एकट्याने, कोणाकडून न तपासून घेता छापलं असेल तर त्यात एक तरी चूक राहणारच.

तिरकस
तिच्या नावातच राहू द्या. "निलीमा".

प्रूफवाली
मग ती आधी बोलेल. "पहिली वेलांटी दीर्घ."